जड पाने, न सापडणारी पाने

साहित्याच्या अभ्यासकांसमोर संकेतस्थळाच्या वेगाचा विषय काढला, तर तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. शोधयंत्राच्या यादीत वरचा क्रमांक मिळावा म्हणून धडपडणे हे दुकानदारांचे काम आहे. अभ्यासकाने मजकुराचा कस पाहावा, पान किती सेकंदांत उघडते हे पाहत बसू नये, असा एकूण सूर असतो. या सुरामागची शंका आम्हांला समजते. शोधयंत्राला खूश करण्यासाठी लिहिलेल्या, एकच शब्द दहा वेळा घोळवणाऱ्या मजकुराने महाजालावर जो कचरा साठला आहे, तो पाहता ती शंका रास्तही आहे. तरीही प्रस्तुत लेखात आम्ही दुसरी बाजू मांडू इच्छितो. मराठीपुरते पाहिले तर पानाचा जडपणा आणि पानाचे न सापडणे हे दोन प्रश्न एकमेकांपासून कधीच सुटे नव्हते. गेल्या तीस वर्षांत जे मराठी पान उघडायला जड होते, तेच बहुतेक वेळा शोधयंत्राला अदृश्यही होते, आणि दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच होते. हा इतिहास यंत्रांचा आहे तेवढाच मराठी वाचकाचाही आहे.

आरंभी एका ग्रंथपालाचे स्मरण करायला हवे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांपैकी चौथा सिद्धान्त वाचकाच्या वेळाची बचत करण्याविषयी आहे. कपाटे वाचकांना खुली असावीत, तालिकापत्रे नेटकी असावीत, एका विषयाची पुस्तके एकत्र लागावीत, या साऱ्या आग्रहांना या सिद्धान्ताचा आधार आहे. ग्रंथालयात पुस्तक असून ते वाचकाला वेळेत मिळत नसेल, तर त्याचे असणे अर्धेच ठरते. रंगनाथनांच्या या सिद्धान्ताला कोणी व्यापारी म्हणत नाही. संकेतस्थळाचा वेग आणि शोधयंत्रातील त्याचे स्थान यांचा संबंध आम्ही याच सिद्धान्ताच्या वंशावळीत पाहतो.

१

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या किरकिरीनंतर जोडणी मिळे. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे दिसत नसत. ही बाब मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या काळी संगणकाला देवनागरी अक्षर अक्षर म्हणून ठाऊक नव्हते. मग मराठी मजकूर महाजालावर ठेवायचा तर त्याचे चित्र काढून ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग होता. कविता छापायची, छापलेल्या कागदाची प्रतिमा घ्यायची आणि ती पानावर चिकटवायची. स्वस्त खात्यावरच्या विद्यार्थ्याला अशा पानावर काहीच दिसत नसे. महाजालावर मराठी होती, पण त्याच्यापुरती नव्हती.

ज्यांच्याकडे चित्रे दिसणारे खाते होते त्यांची गोष्ट फार वेगळी नव्हती. एक साधा हिशेब करून पाहू. तीनशे शब्दांचा मराठी मजकूर आजच्या पद्धतीने अक्षररूपात साठवला तर सुमारे सहा किलोबाइट भरतो. त्याच मजकुराचे वाचता येण्याजोगे चित्र नव्वद किलोबाइटांचे आहे असे धरू. सेकंदाला २८.८ किलोबिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर, सारे सुरळीत असेल तर, पहिल्याला दोन सेकंदांहून कमी वेळ लागतो आणि दुसऱ्याला पंचवीस सेकंद. मधल्या वेळात चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरत राही. ओळीच्या शिरोरेखा आधी दिसत आणि अक्षरांची धडे मागून येत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आजही आठवत असेल.

आता याच चित्राकडे शोधयंत्राच्या बाजूने पाहू. शोधयंत्र पानोपानी फिरते, शब्द टिपते आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची, फक्त अवाढव्य. चित्रात शब्द नसतात, ठिपके असतात. सूचीत टिपण्याजोगे तिथे काहीच नसे. म्हणजे ज्या कारणाने ते पान पंचवीस सेकंद घेत होते, त्याच कारणाने ते सूचीतून गळत होते. जडपणा आणि अदृश्यता यांचा हा पहिला जोड.

२

दुसरा टप्पा फाँटचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे.

वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी सर्वमान्य संकेतप्रणाली तयार करण्याचे काम आपल्याकडे आधीच झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले संशोधन पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले आणि इस्की ही प्रमाणप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात प्रत्येक वर्णाला एक निश्चित क्रमांक होता. परंतु महाजालाच्या न्याहाळकांनी, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ब्राउझरांनी, तिला आपलेसे केले नाही. मग मराठी संकेतस्थळांनी आडवाट धरली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फाँट तयार झाले. संगणक साठवी रोमन अक्षर आणि डोळ्यांना दिसे देवनागरी. दैनिके, प्रकाशक, हौशी मंडळी यांनी आपापले फाँट निवडले, आणि त्यांचे आपसांत जुळत नसे. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थहीन अक्षरांची रांग समोर येई.

वाचकाला त्यामुळे आधी फाँट उतरवून घ्यावा लागे, मग तो संगणकात बसवावा लागे, आणि तेवढे झाल्यावर बातमी वाचता येई. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या वाचकाला फाँट बसवण्याची परवानगी असेलच असे नाही. १९९७ मध्ये नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी आपल्या ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांत पानाबरोबरच फाँट धाडण्याची सोय केली. पण दोघांच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि एकीचा फाँट दुसरीला चालत नसे. शिवाय फाँटचे ओझे पानाच्या डोक्यावर आलेच.

शोधयंत्राच्या दृष्टीने हा टप्पा चित्रांच्या टप्प्याहून विचित्र होता. चित्राच्या पानावर शब्दच नव्हते. इथे शब्द होते, पण ते चुकीचे होते. सूचीत नोंद व्हायची ती रोमन अक्षरांच्या निरर्थक जुळणीची. एखाद्याने शोधयंत्रात 'तुकाराम' असे देवनागरीत लिहिले, तर हजारदा 'तुकाराम' दिसत असलेले पानसुद्धा त्याला सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर तुकाराम नव्हताच. मराठी महाजालावरचा कितीतरी मजकूर असा वर्षानुवर्षे स्वतःच्याच भाषेत निनावी राहिला. संकेतस्थळे बंद पडली, फाँट हरवले, आणि जे काही जतन झाले तेही पुन्हा उलगडल्याशिवाय वाचता न येणारे.

साहित्येतिहासकाराने या टप्प्याची नोंद गांभीर्याने घ्यावी असे आम्हांला वाटते. १९९६ ते साधारण २००५ या काळातील मराठी महाजालीय लेखनाचा इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याच्या हाती येणारा पुरावा हा त्या काळी जे लिहिले गेले त्याचा नमुना नसेल. ज्यांनी आपला मजकूर पुढे युनिकोडमध्ये उतरवला त्यांचाच तो पुरावा असेल.

३

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीची तिच्यातली मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. मात्र सामान्य मराठी वाचकाच्या संगणकावर ती पोहोचली विंडोज २००० पासून. त्या प्रणालीबरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट आला. त्याचे रेखाटन रघुनाथ कृष्ण जोशी यांचे. र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते, तसेच कवीही होते. मराठीच्या संगणकीय रूपामागे एका कवीचा हात आहे ही गोष्ट आपल्या वर्गांत सांगितली जात नाही. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि युनिकोडमधली मराठी लिहिणाऱ्यांची वस्ती त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत वाढत गेली.

युनिकोडने एका फटक्यात दोन गोष्टी साधल्या. फाँट उतरवण्याची गरज संपली, म्हणून पान हलके झाले. अक्षर हे अक्षर म्हणून साठू लागले, म्हणून पान सापडू लागले. ज्या दोन दुखण्यांचे मूळ एक होते, त्यांचे औषधही एकच निघाले.

युनिकोडवर त्या काळी एक आक्षेप घेतला जाई, त्याची चर्चा इथे करायला हवी. महाजालावर रूढ झालेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्तखुणेला तीन. 'खडकी' या शब्दाला बारा बाइट लागतात, 'औरंगाबाद'ला चोवीस. तेच नाव रोमन लिपीत दहांत बसते. मराठीवर हा तिप्पट कर का, असा हा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण परिणाम वाटतो तेवढा नाही. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट सारखाच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. पान धाडताना सर्व्हर ते दाबून लहान करतो, आणि अशी पुनरुक्ती दाबायला फार सोपी. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख पन्नासेक किलोबाइट भरत असला, तरी दाबल्यावर तो चौथाईच्या आसपास येतो. ज्या सर्व्हरवर ही दाबणी सुरू केलेली नसते तिथे मात्र वाचक तो कर पुरेपूर भरतो.

सापडण्याच्या बाजूनेही एक जुनी अडचण उरली आहे, आणि ती व्याकरणाच्या अध्यापकांना विशेष आवडावी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद आपण वर्गात शिकवतो. दुसऱ्या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याच्या र ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द. शोधयंत्रांनी असे भेद मिटवण्याचे प्रयत्न केले असले, तरी पानातल्या पानात शब्द शोधताना किंवा एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या शोधपेटीत ही फसगत आजही होते. 'वाऱ्यावर' शोधणाऱ्याला निम्मे वारे सापडत नाहीत.

४

आता वेग आणि क्रमांक यांच्या थेट नात्याकडे येऊ. गूगलची स्थापना १९९८ ची. कोणत्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने दुव्याने निर्देश करतात, यावरून पानाचे वजन ठरवण्याची कल्पना हे त्याचे वैशिष्ट्य. संशोधनलेखाला मिळालेल्या संदर्भांवरून त्याचे महत्त्व ठरवण्याच्या विद्यापीठीय रीतीशी तिचे नाते उघड आहे. वेगाचा त्यात संबंध नव्हता. एप्रिल २०१० मध्ये गूगलने प्रथमच जाहीर केले की क्रमांक ठरवताना संकेतस्थळाचा वेगही विचारात घेतला जाईल. तो आरंभी इंग्रजी शोधांपुरता होता आणि त्याने बदलणारे निकाल शंभरात एकाहून कमी होते. जुलै २०१८ पासून मोबाइलवरील शोधांना हा निकष लागला. २०२१ च्या मध्यापासून वाचकाचा अनुभव मोजणारी तीन मापे त्यात आली.

ती मापे साध्या मराठीत अशी सांगता येतील. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. वाचकाने बोट लावल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला एक पंचमांश सेकंदाहून अधिक वेळ घेऊ नये. हे माप आजच्या रूपात मार्च २०२४ पासून आहे. आणि वाचता वाचता ओळी जागच्या हलू नयेत. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. यंत्रासमोर माणूस किती थांबतो याचा विचार १९६८ पासून होत आला आहे, आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा प्रसिद्ध आहेत : एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्षच उडते. कविता वाचणाऱ्यालाही हे लागू आहे. किंबहुना त्यालाच अधिक.

इथे अतिशयोक्ती टाळायला हवी. वेगाचे वजन इतर निकषांच्या मानाने कमी आहे. विषयाला धरून लिहिलेले संथ पान, विषय सोडून लिहिलेल्या चपळ पानाच्या वर येऊ शकते, आणि गूगलचीही तीच भूमिका आहे. सारख्याच योग्यतेची दोन पाने असतील तेव्हा वेग निवाडा करतो. पण वेगाचा एक परिणाम क्रमांकाच्याही आधी घडतो. सर्व्हर फार संथ असेल तर शोधयंत्राचा फिरता वाचक तिथे कमी पाने वाचतो आणि पुढे निघून जातो. शेकडो अंक ठेवणाऱ्या मोठ्या संग्रहाची आतली पाने अशा वेळी सूचीपर्यंत उशिरा पोहोचतात.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने आम्हांला कळीची वाटते. ही मापे प्रयोगशाळेत घेतली जात नाहीत. प्रत्यक्ष वाचकांच्या यंत्रांवर ती घेतली जातात, आणि शंभर भेटींपैकी निदान पंचाहत्तर भेटींत पान मापात बसावे लागते. याचा अर्थ, ज्या संकेतस्थळाचा वाचक पुण्या-मुंबईत चांगल्या जोडणीवर बसला आहे आणि ज्याचा वाचक कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातल्या गावात साध्या मोबाइलवर, अधूनमधून तुटणाऱ्या संपर्कावर वाचतो आहे, त्या दोघांचे पान अगदी एकसारखे असले तरी दुसऱ्याचे माप खाली येते. वाचकाची गैरसोय लेखकाच्या खात्यावर मांडली जाते. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटांना आपल्याकडे ब्रॉडबँड म्हटले गेले. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिट. व्याख्या वाढली तशी पानेही फुगली. आज जगातले मधल्या वजनाचे पान दोन मेगाबाइटांहून जड आहे. म्हणून ज्यांचा वाचक ग्रामीण आहे त्यांचे पान इतरांहून हलके असणे भाग आहे. हा न्याय आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण उत्तर मिळेपर्यंत वाचक खोळंबून राहतो.

५

युनिकोडनंतर जडपणा संपला असे समजणे चूक ठरेल. तो दोन नव्या रूपांत परतला आहे.

पहिले रूप पुन्हा फाँटचेच. पान देखणे दिसावे म्हणून आज संकेतस्थळे आपल्या पसंतीचा देवनागरी फाँट पानासोबत धाडतात. मराठीत उत्तम मुक्त फाँट उपलब्ध झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये आकारांची संख्या मोठी असते, आणि एक फाइल सहज शंभर किलोबाइटांच्या पुढे जाते. साधा, ठळक, शीर्षकाचा, अवतरणाचा असे चार प्रकार धाडले की दाबल्यावर बारा-तेरा किलोबाइटांच्या लेखाला चारशे किलोबाइटांचा पोशाख चढतो. फाँट येईपर्यंत कित्येकदा पान कोरे राहते. किंवा आधी यंत्रातला फाँट दिसतो, मग नवा येतो आणि ओळी खालीवर सरकतात. वर सांगितलेले तिसरे माप इथेच बिघडते. वस्तुतः आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये वाचनीय देवनागरी फाँट मुळातच असतो. तो वापरला तर धाडायचे काहीच उरत नाही.

दुसरे रूप पीडीएफचे. जुने अंक, प्रबंध, स्मरणिका यांची छायाचित्रे काढून ती पीडीएफ रूपात ठेवण्याचा प्रघात पडला आहे. जतनाच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु दोनशे पानांची, चाळीस-पन्नास मेगाबाइटांची अशी फाइल म्हणजे १९९६ चे चित्रच होय. एक परिच्छेद पाहण्यासाठी वाचकाने सारा अंक उतरवून घ्यायचा. शोधयंत्रे अशा फाइलीतली अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात, आणि ते तंत्र पुष्कळ सुधारलेही आहे. पण जुन्या खिळ्यांची छपाई, पुसट शाई आणि जोडाक्षरे यांपुढे ते अडखळते. पहिल्या टप्प्यातला दोष तिसाव्या वर्षी आपण नव्याने पत्करला आहे.

यात प्रत्यक्ष पणाला काय लागते ते या शहराच्या संदर्भात पाहावे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे स्थापन केलेले आणि पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय, १९५८ चे विद्यापीठ, मराठवाडा साहित्य परिषद आणि तिचे 'प्रतिष्ठान', गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' यांच्याभोवती मराठी समीक्षेचे आणि दलित साहित्यविचाराचे एक मोठे पर्व घडले. त्या पर्वातले वाद नियतकालिकांच्या पानांवर झाले, आणि नियतकालिके पुस्तकांहून लवकर विरतात. आजचा विद्यार्थी विषय मिळाल्यावर प्रथम मोबाइल काढतो आणि जे पहिल्या यादीत येते, जे लगेच उघडते, ते वाचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मूळ लेख जड छायाचित्रात अडकलेला आणि त्याचा कोणी केलेला पातळ सारांश हलक्या पानावर, अशी स्थिती असेल, तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, पुढे प्रबंधात आणि शेवटी साहित्येतिहासात सारांशच उतरतो. शोधयंत्रे आता दुव्यांच्या वर स्वतःच रचलेले उत्तर देऊ लागली आहेत. ते उत्तरही यंत्राला जे वाचता आले त्यातूनच रचले जाते. जे वाचता आले नाही ते घडलेच नाही, अशी समजूत होण्याचा धोका यामुळे वाढला आहे.

६

शहराच्या नावाचा प्रश्न या चर्चेत शेवटी येतो, पण तो दुय्यम नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, त्याचा मुलगा फतेहखान याच्या नावाने फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद, आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राच्या संमतीनंतर छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाचेही तसेच : १९५८ चे मराठवाडा विद्यापीठ प्रदीर्घ नामांतर लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. या नामांतरांचे राजकीय आणि सामाजिक अर्थ स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. आम्ही इथे फक्त सापडण्याचा प्रश्न विचारतो.

नाव बदलले की संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्याकडे वळवण्याची सोय महाजालाच्या रचनेतच आहे, आणि शोधयंत्रही तिचा मान राखते : जुन्या पानाने मिळवलेले वजन नव्याकडे जाते. ग्रंथालयाच्या तालिकेत 'पाहा' असा शेरा असलेले पत्र असते, त्याचेच हे रूप. परंतु जुन्यावरून मधल्याकडे आणि मधल्यावरून नव्याकडे अशी साखळी केली, तर प्रत्येक वळणावर सर्व्हरची एक खेप वाढते. संथ जोडणीवर प्रत्येक खेप जाणवते, आणि वळणे फार झाली तर शोधयंत्र वाट सोडून देते. म्हणून प्रत्येक जुना पत्ता थेट अखेरच्या पत्त्याकडे वळावा, हा तंत्रज्ञांचा नियम आहे. वळवण्याची सोय न करता जुने पत्ते पुसून टाकले, तर त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या तळटिपा आणि संदर्भ एका दिवसात निराधार होतात.

पत्ता बदलतो तसा मजकूर मात्र बदलू नये. १९७२ मध्ये औरंगाबादेत छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशनस्थळ औरंगाबादच राहिले पाहिजे. तो पुरावा आहे. पण आज नवे नाव लिहून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तकही मिळायला हवे. यासाठी सूचीच्या पानावर दोन्ही नावे देणे पुरेसे असते. नावाचा अभिमान आणि नोंदीची शिस्त यांत विरोध नाही.

खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनेच नहर-ए-अंबरी बांधवली. शहराबाहेरच्या उताराखालचे पाणी जमिनीतल्या बांधीव मार्गाने वस्तीपर्यंत आणणारी ही योजना. पुढे १७४४ च्या पाणचक्कीसाठीही दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले गेले. डोंगरात पाणी आधीही होते. शहर वसले ते पाणी दारापर्यंत आल्यावर. या शहरातल्या लोकांना साठा आणि पोहोच यांतला फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग साहित्याच्या अभ्यासकाने काय करावे? त्याने तंत्रज्ञ व्हावे असे आमचे म्हणणे नाही, आणि क्रमांकासाठी लिहावे असे तर मुळीच नाही. मात्र आपल्या महाविद्यालयाचे, परिषदेचे किंवा नियतकालिकाचे संकेतस्थळ तयार होत असताना त्याने चार प्रश्न विचारावेत. मजकूर अक्षररूपात आहे की चित्ररूपात? वाचकाच्या यंत्रात आधीच असलेला फाँट आपण का वापरत नाही? सर्व्हर पान दाबून धाडतो का? आणि जुना पत्ता थेट नव्याकडे वळतो का? जुना अंक छायाचित्ररूपात ठेवणे भाग असेल, तर निदान त्याची अनुक्रमणिका लेखकांच्या नावांसह अक्षररूपात टंकून एका हलक्या पानावर ठेवावी. एका अंकाच्या अनुक्रमणिकेला विद्यार्थ्याचा अर्धा तास लागतो. तेवढ्याने तो अंक सूचीत येतो, आणि चाळीस मेगाबाइट उतरवायचे की नाही हे वाचकाला आधी ठरवता येते.

आपल्या पदव्युत्तर वर्गांत सूचिशास्त्र शिकवले जाते, आणि हे काम त्याच अभ्यासाचा भाग व्हायला हवे. ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. त्यांतला एक सोडावा आणि सुरुवात तिथून करावी.